पाणी ओसरल्यावर बॅटरी का उतरते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



रस्त्यावर पाणी आलं की गाडीवाल्याच्या मनात पहिली भीती येते ती इंजिनाची. ती खरीच आहे. एअर फिल्टरच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलायची वेळ येते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा रस्तोरस्ती बंद पडलेल्या गाड्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. त्या गाड्यांबद्दल मी आज बोलणार नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी ओढून का होईना, गॅरेजात येतेच. मी बोलणार आहे ती पाण्यातून न थांबता बाहेर पडलेल्या गाडीबद्दल. ‘एवढं गुडघाभर पाणी होतं, पण गाडीनं एक झटका दिला नाही,’ असं मालक अभिमानानं सांगतो, ती गाडी.

कोल्हापुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम मी पस्तीसहून अधिक वर्षं करतो आहे. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे आमच्या गावातल्या लहान पोरालाही पाठ आहे. आमच्या धंद्याचं वेळापत्रक मात्र जरा वेगळं असतं. पाणी चढतं तेव्हा आम्हाला काम नसतं. ओसरतं तेव्हा पहिले चार-पाच दिवस मेकॅनिकची गर्दी असते, ऑइल बदला, ब्रेक धुवा. आमच्या दारात रांग लागते ती आठवड्यानंतर, आणि प्रत्येकाची तक्रार एकच असते. ‘मिस्त्री, बॅटरी उतरती.’

या एका वाक्यानं मी एकदा फसलो आहे. ते आधी सांगतो.

२००५ च्याच पावसाळ्यातली गोष्ट. मुंबई बुडाली त्या सुमारास आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीतही पूर आला होता. गगनबावडा रस्त्यावर वडाप करणारा एक जीपवाला माझं जुनं गिऱ्हाईक. त्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येतं, हे नेहमीचंच. त्यानं त्या पाण्यातून जीप काढली होती. आठ-दहा दिवसांनी सकाळी सेल्फ मारेना, म्हणून धक्का मारून गाडी माझ्या दारात आणली. मी हायड्रोमीटर घेतला, सहाही घरांतलं पाणी तपासलं, सगळी घरं उतरलेली. बॅटरी तीन वर्षांची होती. मी म्हटलं, ‘गेली ही. नवीन टाक.’ तीन-साडेतीन हजारांची बॅटरी त्यानं निम्मे रोख आणि निम्मे उधार करून घेतली. जुनी मी भंगारात लावली. नव्या बॅटरीवर सेल्फ असा फिरला की दोघंही खूश.

सहा दिवसांनी रात्री त्याच्या गावातली एक बाळंतीण अडली. गाडी त्या वेळी गावात त्याचीच. बाई, तिची सासू आणि नवरा यांना घेऊन तो कोल्हापूरला निघाला. वरून पाऊस. निम्म्या वाटेच्या अलीकडेच हेडलाइट पिवळे पडायला लागले. मग वायपर जड झाला. हॉर्न दाबला तर कुंथल्यासारखा आवाज. जीप डिझेलवरची, साध्या पंपाची. तिचं इंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून चालतं, म्हणून ती चालत राहिली. पण कंदिलाएवढा उजेड उरला. गाडी बंद करायची सोय नाही, कारण बंद केली तर परत सुरू होणार नाही. नवरा दारात उभा राहून बॅटरीच्या टॉर्चनं रस्त्याची कड दाखवत होता. पुढे कळ्याच्या जवळपास मागून एक दुधाचा टँकर आला. त्याला पुढे जाऊ दिलं आणि त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून हा शहरात पोचला. बाई सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. भांडला नाही. फक्त विचारलं, ‘मिस्त्री, माझी जुनी बॅटरी खरंच गेल्ती का ओ?’

मी तेव्हा पहिल्यांदा अल्टरनेटर उतरवला. मागचं झाकण काढलं तर आत गगनबावड्याकडची तांबडी माती, वाळून विटेसारखी झालेली. दोन कार्बनपैकी एक कार्बन आपल्या घरात त्या मातीनं घट्ट अडकला होता आणि रिंगेला टेकतच नव्हता. रिंग हिरवी पडलेली. म्हणजे मांडुकलीच्या पाण्यानंतर केव्हातरी त्या गाडीचं चार्जिंग बंद झालं होतं आणि तेव्हापासून जी वीज खर्च होत होती ती नुसती साठ्यातली होती. जुनी बॅटरी मेली नव्हती, उपाशी होती. चार्जरवर रात्रभर लावली असती तर उठली असती. मी तिला मेलेली ठरवलं, आणि नवीलाही त्याच उपाशी घरात पाठवलं. कार्बनच्या जोडीची किंमत तेव्हा तीस-चाळीस रुपये होती. मी त्याचे बॅटरीचे पैसे परत दिले. त्यानं मोजून घेतले. बरोबरच होतं ते.

आता हा अल्टरनेटर काय आहे, ते थोडं समजून घेऊ. आमच्यातले जुने लोक त्याला अजून डायनामोच म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो. आत एक फिरणारं लोहचुंबक असतं, पण ते कायमचं चुंबक नसतं, तारेच्या वेटोळ्यात थोडी वीज सोडून तयार केलेलं असतं. ती वीज फिरत्या भागात पोचवायची कशी? तर दोन तांब्याच्या रिंगा आणि त्यांना टेकलेले, मागून स्प्रिंगनं ढकललेले दोन कार्बनचे तुकडे. हे चुंबक फिरलं की बाहेरच्या स्थिर वेटोळ्यात वीज तयार होते. ती उलटसुलट वाहणारी असते, बॅटरीला चालत नाही. म्हणून डायोडच्या प्लेटमधून ती एकाच दिशेची केली जाते. आणि रेग्युलेटर, ज्याला आम्ही कटआउट म्हणतो, तो व्होल्टेज चौदाच्या आसपास धरून ठेवतो.

या यंत्राला थंड ठेवायला चहूबाजूंनी भोकं असतात आणि आत पंखा असतो. उन्हाळ्यात हे चांगलं. पण बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर इंजिनाच्या कडेला, खालच्या अंगाला बसवलेला असतो. पाण्यातून जाताना रेडिएटरचा पंखा पाणी उधळतो, अल्टरनेटरचा स्वतःचा पंखा ते आत ओढतो. काही जुने ड्रायव्हर खोल पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टाच ढिला करायचे, त्यामागे हीच अक्कल होती.

बरं, नुसत्या स्वच्छ पाण्यानं फारसं बिघडत नाही. पावसाचं पाणी उडालं, वाळलं, संपलं. पुराचं पाणी स्वच्छ नसतं. त्यात गाळ असतो, गटार असतं, आमच्याकडे उसाच्या रानातलं खत असतं, मुंबईत भरतीच्या वेळचं खारं पाणी असतं. अशा पाण्यातून वीज सहज वाहते, आणि वाळल्यावर ते मागे मीठ आणि माती ठेवून जातं. मग काम सावकाश सुरू होतं. रिंगांवर हिरवा थर चढतो. कार्बन अडकतो. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं आणि पंधरा दिवसांनी गाडी घोंघावायला लागते. डायोडच्या पायांशी गंज धरतो. यातलं काहीच पाण्यात असताना घडत नाही, म्हणून मालकाला पूर आणि बॅटरी यांचा संबंध जोडता येत नाही. तो म्हणतो, पाण्यातून आलो त्याला तर दोन आठवडे झाले!

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. किल्ली काढली म्हणजे गाडीतली सगळी वीज बंद झाली, असं नाही. अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर बॅटरीची वीज चोवीस तास हजर असते. सेल्फच्या बोल्टवरही. गाडी दारात उभी असताना पाणी चढलं आणि ती दोन दिवस पाण्यात राहिली, तर त्या बोल्टवर मुलामा देण्याच्या कारखान्यात चालतं तसंच काम सुरू होतं, फक्त उलट्या बाजूनं. तांबं विरघळत जातं. म्हणून पाणी चढणार असं दिसलं आणि गाडी हलवता येत नसेल, तर बॅटरीचं टर्मिनल सोडवा. निगेटिव्ह आधी. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी पडते. हे पाच मिनिटांचं काम आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांनी ते केलं त्यांच्या गाड्या नंतर वाळवून, साफ करून कमी खर्चात उभ्या राहिल्या, हे मी हातानं पाहिलं आहे.

आता डॅशबोर्डवरच्या त्या लाल दिव्याविषयी. बॅटरीचं चित्र असलेला दिवा. बहुतेकांची समजूत अशी की तो लागला नाही म्हणजे सगळं ठीक. माझ्या जीपवाल्याचीही तीच होती. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत हा दिवा नुसता इशारा देत नाही. किल्ली फिरवली की बॅटरीची वीज या दिव्यातून, कार्बनमधून, चुंबकाच्या वेटोळ्यात जाते. त्यामुळे दिवा लागतो आणि अल्टरनेटरला पहिला धक्काही मिळतो. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर स्वतःची वीज बनवतो, दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. आता कार्बन अडकला असेल तर? वाट तुटली. मग किल्ली फिरवल्यावरही दिवा लागणार नाही. म्हणजे दिवा न लागणं हीच तक्रार. किल्ली फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर गेला पाहिजे. दोन्ही बघायचं. इंजिन चालू असताना मिणमिणता राहत असेल तर डायोड बघायला हवा. गळक्या डायोडची गाडी रात्रभर उभी राहिली तरी बॅटरी पितच राहते. पहाटे इंजिन गार असताना अल्टरनेटरला हात लावा. तो कोमट लागला तर चोर सापडला.

पाण्यातून बाहेर पडल्यावर लगेच हा दिवा लागला, पट्ट्यानं शिट्टी मारली आणि दोन-चार मिनिटांत दोन्ही थांबलं, तर पट्टा ओला होऊन घसरत होता एवढंच. तेवढ्यानं घाबरू नका. पण दुसऱ्या दिवशीही शिट्टी येत असेल तर पट्ट्यावर चिखल वाळला आहे किंवा बेअरिंग जड झालं आहे. याकडे डिझेलवाल्यांनी जास्त लक्ष द्यावं. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो, आणि इंजिनातलं पाणी फिरवणारा पंपही बऱ्याचदा त्याच पट्ट्यावर चालतो. अल्टरनेटर जाम होऊन पट्टा तुटला तर चार्जिंग जातं, ब्रेक लाकडासारखा कडक होतो आणि इंजिन तापतं. तिन्ही एकाच वेळी. घाटात हे व्हायला नको.

मग तपासायचं कसं? मल्टिमीटर नावाचं एक छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. गाडीत हजारो रुपयांची सीट कव्हरं घालणाऱ्या माणसानं ते घरात ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा काटा, म्हणजे आताचं बटण, २० व्होल्ट डीसीवर ठेवायचं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर लाल-काळी टोकं टेकवली की भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ असेल तर जवळपास निम्मी उतरली. मग गाडी सुरू करा. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेला पाहिजे. हेडलाइट आणि ब्लोअर लावून थोडी रेस द्या, तेव्हाही तो साडेतेराच्या खाली येऊ नये. इंजिन चालू असताना आकडा बारावरच राहून हळूहळू खाली येत असेल तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर जात असेल तर कटआउट गेला, तो बॅटरी उकळवून मारील. हे करताना पदर, ओढणी, मफलर पट्ट्यापासून दूर.

मल्टिमीटर नसेल तर संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा, मग इंजिन सुरू करा. भिंतीवरचा उजेड वाढला पाहिजे. नाही वाढला तर वायरमनकडे जा. ही ढोबळ परीक्षा आहे, एलईडी दिव्यांच्या गाडीत ती लागू पडत नाही.

एक परीक्षा मात्र कृपा करून करू नका, आणि मिस्त्रीलाही करू देऊ नका. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल उपसायचं आणि इंजिन बंद पडतं का बघायचं. माझे वस्ताद हे करायचे. त्यांच्या काळात खरा डायनामो होता, त्याला ते खपत होतं. आताच्या अल्टरनेटरला बॅटरीचा आधार काढला की क्षणभर व्होल्टेज भलतंच उसळतं. डायोड जातात, आणि गाडीचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. तीस रुपयांच्या कार्बनसाठी तीस हजारांचा खर्च होतो. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर हा प्रकार अजून बंद झालेला नाही, याचं मला वाईट वाटतं. आमच्याच धंद्यातले लोक आहेत ते.

दुसरी खोड म्हणजे उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या वायरी लावून सुरू करायची आणि ‘आता अल्टरनेटर भरून घेईल’ म्हणून शंभर किलोमीटर जायचं. अल्टरनेटर रोजची भर घालायला बनवला आहे. पार रिकामी बॅटरी भरायला लावली की तो तापतो, आणि आत ओल असेल तर लवकर जातो. बॅटरी काढून चार्जरवर सावकाश भरावी. आणि पाण्यातून आलेल्या अल्टरनेटरला गाडी धुण्याच्या जोराच्या फवाऱ्यानं धुऊ नये, पेट्रोलनं तर नाहीच. तो उतरवून, उघडून, ब्रशनं माती काढून, कमी उष्णतेवर वाळवून, कार्बन आणि बेअरिंग बघून परत बसवावा. विम्याचा सर्व्हेअर पुराच्या गाडीसाठी आला तर इंजिन आणि सीटांबरोबर अल्टरनेटर आणि सेल्फही त्याला दाखवा. ते तेव्हा चालू असतात, म्हणून यादीत यायचे राहतात.

वाटेत चार्जिंग गेलंच, तर हिशेब असा करा. दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर खातात. वायपर, ब्लोअर, पेट्रोल पंप, कॉम्प्युटर धरून साधी मोटार रात्री पावसात पंचवीस-तीस अँपिअर घेते. लहान मोटारीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची. कागदावर दीड तास, पण प्रत्यक्षात तासभरही धरू नका, कारण व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर आधी हात वर करतो. एसी, ब्लोअर, गाणी बंद करा, इंजिन बंद करू नका आणि उजेड असलेल्या ठिकाणी लवकर पोचा.

नव्या गाड्यांत आता चार्जिंगही कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम व्होल्टेज कमी करतो, त्यामुळे चालू गाडीत साडेबारा दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर बदलू नका. हेडलाइट लावून, थोडं थांबून पुन्हा बघा, आणि शंका असेल तर स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. स्कूटर-मोटारसायकलींना बहुतेक कार्बनची भानगड नसते. तिथं पुरानंतर आधी सीटखालची, रेग्युलेटरची जोडणी उघडून हिरवी पडली आहे का ते बघावं. विजेवर चालणाऱ्या मोटारीत अल्टरनेटरच नाही. पण ती बुडाली असेल तर नारिंगी वायरींना हात लावू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा. तिथं शेकड्यांनी व्होल्ट असतात.

त्या जीपवाल्यानं पुढे वडाप सोडलं. आता त्याचा मुलगा शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो. मांडुकलीला पाणी येऊन गेलं की तो आठवड्याच्या आत माझ्याकडे येतो. मी मीटर लावतो, आकडा सांगतो, तो गाडीच्या वहीत तारखेसह लिहितो. गेल्या खेपेला १४.१ होता.